शनिवारचे सीईओ

मीटिंग सुरू करताना ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. नवख्याला वाटायचं, वा, वेळेचं भान असलेला माणूस आहे. आम्हाला ठाऊक होतं की आता हे घड्याळाकडे बघणार नाहीत आणि आपल्यालाही बघू देणार नाहीत. "भावना बाजूला ठेवू, मुद्द्यावर येऊ," हे पहिलं वाक्य. मुद्दा यायला मग तासभर लागायचा. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. पण तुमचे साहेब ऑफिसातच राहिले असतील. आमच्यांनी आमचे शनिवारसुद्धा खाल्ले.

अमेरिकेत, विमानतळाला लागून असलेल्या अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते डायरेक्टर होते. मूळचे सांगलीचे, कॉलेजात कबड्डी खेळलेले. पत्नी गेल्यापासून घरात ते आणि मुलगा, दोघंच. मुलगा इथेच जन्मलेला, शिक्षण संपवून घरी परतलेला आणि रग्बीचा वेडा. अंड्यासारखा चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला लोळवायचं, एवढंच रग्बीचं ज्ञान मला तेव्हा होतं. हे पोरगं ज्या क्लबात खेळायचं तो क्लब शेवटच्या घटका मोजत होता. संघाला तेरा जण लागतात, यांचे कसेबसे सात जमायचे. शेवटी लीगने कळवलं की येत्या सीझनमध्ये एका जरी सामन्याला तेरा उभे राहिले नाहीत, तर क्लब बाद.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि घड्याळ काढलं. क्लब त्यांनी चालवायला घेतला होता. आधी तिथे प्रेसिडेंट असायचा. ते पद रद्द करून हे स्वतः सीईओ झाले होते आणि मला सेक्रेटरी नेमून मोकळे झाले होते. माझ्या ग्रीनकार्डाच्या कागदांवर त्यांची सही व्हायची होती, त्यामुळे मी ते पद अत्यंत आनंदाने स्वीकारलं, असंच समजा.

"पण तुम्ही कशाला पडताय यात?" मी विचारलं.

त्या दिवशी पहिल्यांदाच ते चटकन मुद्द्यावर आले. "क्लब बंद पडला तर मुलगा या गावात कशासाठी राहील?"

मी डायरीतले शनिवार खोडले. सेक्रेटरी झाले.

मग सुधारणा सुरू झाल्या. दर सोमवारी सकाळी सगळ्या खेळाडूंचा कॉन्फरन्स कॉल. त्यात एक प्लंबर होता, तो बिचारा कुणाच्या तरी सिंकखालून हजेरी द्यायचा. प्रत्येकाने वर्षाची उद्दिष्टं लिहून द्यायची. प्लंबरने लिहिलं, 'दात शाबूत ठेवणे.' साहेबांनी ते परत पाठवलं, उद्दिष्ट मोजता येण्यासारखं हवं म्हणून. कोच एका शाळेत इतिहास शिकवणारा दांडगा अमेरिकन होता. त्याला यांनी विचारलं, तुझं पाच वर्षांचं व्हिजन काय? तो म्हणाला, शनिवारी तेरा माणसं. साहेबांना हे उत्तर फारच तोकडं वाटलं. मला मात्र तिथे जमलेल्यांत तो एकटाच शहाणा वाटला.

माणसं कुठून आणायची, हा खरा प्रश्न होता. तो साहेबांनी महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला, बटाटेवड्यांच्या रांगेत सोडवला. रांगेतल्या प्रत्येक पुरुषाला त्यांनी एकच विचारलं, कॉलेजात कबड्डी खेळलात का? आपल्याकडच्या चाळिशीच्या पुरुषाला हा प्रश्न विचारला की तो 'हो'च म्हणतो. माझा नवराही हातातली प्लेट सांभाळत हो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

असे सहा डेटाबेसवाले आणि टेस्टिंगवाले रग्बीच्या मैदानात उतरले. पळता येत नव्हतं, चेंडू झेलता येत नव्हता. पण समोरून कुणी धावत आला की सहाही जण घोट्याला असे चिकटायचे की केवढाही गडी आडवा. कोच खूश झाला. पहिल्या सामन्यात मात्र पंचाची शिट्टी थांबेचना. रग्बीत माणूस पाडला की त्याला लगेच सोडावं लागतं, म्हणजे तो उठून पुन्हा चेंडू खेळवू शकतो. आमची मंडळी कबड्डीवाली. धरलेला गडी सोडायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. माझा नवरा एका सहा फुटी माणसाच्या पायाला मिठी मारून पडला होता आणि पंच वरून ओरडत होता. नवऱ्याला वाटलं, शाबासकी देतोय.

दुसऱ्या कुणी आपली माणसं बदलली असती. आमच्या सीईओंनी लीगला ईमेल पाठवून नियम बदलायला सुचवलं. त्याखाली माझं नाव घातलं. शेवटी कोचनेच मला विचारून एक मराठी शब्द पाठ केला आणि सगळा सीझन तो मैदानाच्या कडेने "सोड, सोड," असं ओरडत धावला.

आम्ही हरत होतो. पण दर शनिवारी तेरा जण उभे राहत होते, हेही खरं.

जूनमध्ये पार्किंग लॉटमध्ये मुलगा माझ्याजवळ आला. "मावशी, मला सिअ‍ॅटलला जॉब मिळालाय," तो म्हणाला. "दोनदा डेट पुढे ढकलली. आता ते थांबणार नाहीत, शेवटच्या मॅचच्या सकाळची फ्लाइट आहे. आय कान्ट टेल डॅड. त्याने हे सगळं माझ्यासाठी केलं ना." तू सांगशील का, हे त्याने विचारलं नाही. नुसता बघत राहिला. मला दोघांचाही मनस्वी राग आला. एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात आणि निरोपाला मी.

जुलैत ऑफिसमध्ये सहामाही अप्रेझलं असतात. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याचं अप्रेझल त्याने आधी स्वतःला ग्रेड द्यायचा. माझं आटोपल्यावर साहेब म्हणाले, आता सीईओचं करा, सेक्रेटरीनेच करायचं असतं. स्वतःला त्यांनी 'अपेक्षेप्रमाणे' असा ग्रेड दिला. खेळाडू टिकले, क्लब टिकला, एक शेवटचा सामना तेवढा राहिलाय, असं समाधानाने सांगितलं.

मी सांगून टाकलं. नोकरी, सिअ‍ॅटल, शेवटच्या सामन्याच्या सकाळचं विमान.

त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. मग म्हणाले, "तुम्हाला सांगितलं त्याने."

त्यांच्यावर चिडायला मला रोज कारण मिळायचं. त्या दिवशी मी कारण शोधत होते आणि मला मिळेना. खुर्ची सरकवून ते उठले आणि भर दुपारी घरी गेले. त्याआधी त्यांना दुपारी घरी जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या शनिवारी मी मैदानावर माणसं मोजली. मुलगा नव्हता, म्हणून बारा. पुन्हा मोजली, बाराच. कोच मान खाली घालून बसला होता. इतक्यात विमानतळावरून साहेबांची गाडी आली. त्यांनी मागच्या सीटवरून मुलाची जर्सी काढली, शर्टावरूनच चढवली आणि मला म्हणाले, "माझं नाव लिहा." जर्सीची खांद्यावरची शिवण त्यांच्या कोपरापाशी आली होती. वय बघता मला हसू यायला हवं होतं. मी नाव लिहिलं.

कोचने त्यांना अगदी कडेला उभं केलं आणि चेंडू तिकडे जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी देवाला साकडं घातलं. तरी दोनदा गेला. दोन्ही वेळा डोक्यावरून विमान जात होतं आणि साहेब मान वर करून बघत होते. समोरचा गडी त्यांच्या शेजारून आरामात निघून गेला. कोचने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलाचं विमान केव्हाच गेलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

शेवटची शिट्टी झाली. आम्ही सपाटून हरलो होतो आणि क्लब वाचला होता. सगळे त्यांना खांद्यावर घ्यायला धावले. ते तिथेच उभे होते, पुढच्या विमानाची वाट बघत.