घटाखालची माती आणि माझा वजीफा

माझं शास्त्रीय संशोधन सात दिवस देवीच्या घटाखाली दाबलेलं होतं, ही गोष्ट मी आजवर कुठल्याही अर्जात लिहिलेली नाही.

अर्ज मात्र मी ढिगानं लिहिले होते. निजामाचं राज्य होतं. आमच्या हसनाबादच्या सात पिढ्यांत शाळेचा उंबरा ओलांडून पुढं गेलेला मी पहिलाच, आणि त्यात हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलेला! पुढं संशोधन करायचं तर सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, पाहिजे, आणि वजीफा मिळवायचा तर आपल्यासारख्यानं कुणाचं दार ठोठावावं, तेच ठाऊक नव्हतं. म्हणून मी सगळीच दारं ठोठावली. शेतकी खातं, बांधकाम खातं, एका जहागीरदाराचे दिवाणजी... (त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी पैसेवाला हाय का?")

वडील म्हणजे अण्णा, कापसाच्या व्यापारापायी सगळं बिऱ्हाड घेऊन जालन्यात मस्तगडला राहायला आलेले. त्यांनी एक दिवस निकाल सांगून टाकला.

"दत्त्या, दसऱ्यापस्तोर तुझा वजीफा आला तर आला. न्हाई तर मुकाट्यानं जिनिंगात कापसाच्या गाठीवर नंबर टाकायला बसायचं. बिलकुल ऐकून घेणार न्हाई!"

आणि नेमकं तेव्हाच हैदराबादेहून उत्तर आलं! रसायनाचे एक मोठे प्रोफेसर दौऱ्यावर निघाले होते. जालन्याला उतरून ते माझं काम स्वतः पाहणार होते. काम पटलं तर वजीफा माझा, नाही तर हैदराबादेतला दुसरा मुलगा तयारच होता.

काम म्हणजे माती. एका शेतात कापूस छातीइतका होतो आणि पलीकडच्या शेतात गुडघ्याला लागत नाही, हे का, ते मला शोधायचं होतं. त्यासाठी उन्हाळाभर पायपीट करून मी तीन गाडगी भरली होती. एकात आमच्या हसनाबादची काळी, एकात मामाच्या आष्टीची, आणि एकात नदीकाठची चोपण, म्हणजे खारवट माती, जिच्यात गवतही विचार करून उगवतं. माती वाळवून, कुटून, पीठ चाळायच्या चाळणीनं चाळून ठेवली होती. (चाळणीवरून झालेलं महाभारत वेगळंच.) गाडगी ओळीनं माजघरात मांडली, आणि प्रोफेसर साहेबांना मुक्कामाला बंगला मिळतो का ते पाहायला मी निर्धास्त मनानं बाहेर गेल्तो.

परत आलो तर माजघरात उदबत्तीचा घमघमाट, देवघरात समई तेवतेय, आणि तिन्ही गाडगी पालथी!

घटस्थापना होती त्या दिवशी. आमच्यात प्रत्येक जावेचा घट वेगळा. माय थोरली, मग मधली काकू, मग धाकटी. दरवर्षी घटाला हसनाबादच्या शेतातली माती गाडीनं यायची. त्या वर्षी पावसानं नदी चढली आणि गाडी अलीकडं आलीच नाही. मुहूर्त टळायला लागला, आणि घरात तर चाळलेली, मऊसूत, शेतातलीच माती तयार! तिघींनी एकेक गाडगं उचललं, तीन पत्रावळींवर माती पसरली, गहू पेरले, वर घट बसवले.

"माय! माझी माती!"

"माती काय कोणाच्या बापाची असती का रे?" माय म्हणाली. "अन् किती साजरी चाळली होतीस! माझ्या लेकाला देवीचं बराबर ध्यान हाय, असं म्हणलं बी मी ह्यांना."

"अगं, ते माझं संशोधन हाय! साहेब येणार हायत!"

"येऊ दे की. पण आता दसऱ्यापस्तोर घटाला हात लावायचा न्हाई. देवी बसली."

संपलं! बसलेला घट दसऱ्याशिवाय हलवायचा नसतो, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही कळतं. आणि साहेब सातव्या माळेला येणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया कलंडलेल्या पाहून मी आमटीची पळी घेऊन देवघरात रांगत शिरलो. प्रत्येक पत्रावळीच्या कडेची मूठभर माती मिळाली तरी भागणार होतं. पळी मातीला लागते न लागते तोच माझं कोपर समईला लागलं, ज्योत फडफडली, आणि मधली काकू अशी किंचाळली की गल्लीतले तीन दुकानदार गिऱ्हाईक सोडून धावत आले.

"बी.एस्सी. झाला अन् देवाची माती चोरून राह्यला!" अण्णा गरजले. मला शिक्षा फर्मावली गेली. दसऱ्यापर्यंत रोज समईपाशी बसायचं आणि दिवा विझू द्यायचा नाही.

बसलो. मांडीवर रसायनाचं जाडजूड पुस्तक, समोर तीन घट, मनात जिनिंगचा भोंगा. इकडं घरात निराळंच पेटलं. मायच्या घटाला भराभर कोंब आले. मधल्या काकूचे बेताचे. धाकट्या काकूच्या पत्रावळीवर मात्र चार-दोन पिवळट काड्या! घटाचं धन, म्हणजे हे कोंब, जसं येईल तसं ते वर्ष जातं, असं आमच्याकडं मानतात. मधली फणकारली, "थोरल्या बाई गुपचूप जास्तीचं पाणी घालून राह्यल्या!" मायनं सुनावलं, "मंग घाल ना पहारा!" आणि खरोखरच पहारा बसला. कुणी पाणी घालायला उठली की बाकीच्या दोघी हजर. एकच तांब्या, एकच माप, थेंब इकडचा तिकडं नाही. तरी धाकटीचं धन काही उठेना. ती बिचारी अन्न टाकून बसली. "देवी माझ्यावरच का कोपली असंल गं?" म्हणून डोळ्याला पदर लावायची. मी समोरच होतो. मी म्हणालो, "काकू, जरा हळू रडा, वाचतोय."

सातव्या माळेला साहेब आले. शेरवानी, गोंड्याची रुमी टोपी, पांढरी दाढी. ज्यांचं नाव वर्गात मास्तर लोक उभं राहून घ्यायचे, तो माणूस आमच्या मस्तगडच्या ओट्यावर! अण्णांनी बैठकीत लोड-तक्क्या मांडला होता. त्यांनी पानाचं तबक पुढं केलं.

"तो मियाँ," साहेब म्हणाले, "आपकी मिट्टी दिखाइए."

मी तोंड उघडलं आणि आतून आवाज आला तो मधल्या काकूचा. "देवीची शपथ घेऊन सांगा, काल तांब्या कोणाचा भरलेला होता!" त्यापाठोपाठ माय, त्यापाठोपाठ धाकटीचं रडं. भांडण आमच्यात व्हायचंच, पण वजीफ्याच्या वेळी!

"साहेब," मी हात जोडले, "माती आहे. पण तिच्यावर देवी बसलीय."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग उठले, जोडे काढले, आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर अदबीनं उभे राहिले. आत बघितलं आणि बघतच राहिले. टोपीचा गोंडा हलायचा थांबला. मग तो मोठा माणूस शेरवानी सावरत उंबऱ्यापाशी चक्क उकिडवा बसला.

"गेहूँ एकीच था?"

"एकाच डब्यातला, सायेब," माय पदर सावरत म्हणाली.

"और पानी?"

"एकाच तांब्यानं! जास्त घालीन म्हणलं तर ह्या दोघी जित्या सोडत्यात का?"

"और बोया कब?"

"एकाच घडीला," मधली म्हणाली. "मी नजर ठिवून होते!"

साहेब माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे पाणावलेले होते. "मियाँ, मेरी लॅबोरेटरी में इतनी निगरानी नहीं होती. बीज एक, पानी एक, वक्त एक. फरक सिर्फ मिट्टी का!"

आणि तेव्हा, आई शप्पथ, मला पहिल्यांदा दिसलं! एक हिरवंगार, एक मध्यम, एक पिवळं. उन्हाळाभर उन्हात फिरून मी जे विचारत होतो, त्याचं उत्तर माझ्या नाकासमोर बोटबोट वाढत होतं. देवापुढं इतकी वर्षं मी सवयीनं हात जोडत आलो होतो, त्या दिवशी ते आपोआप जोडले गेले. मातीला की देवीला, ते अजून मला सांगता यायचं नाही.

"कौनसी मिट्टी कौनसी है?" साहेबांनी विचारलं.

आता मी घडाघडा बोललो. मायची हसनाबादची, मधलीची आष्टीची, आणि धाकट्या काकूची चोपण. "तिच्यात खार असतो. तिच्यात कोणीही पेरलं तरी असंच येणार."

धाकटी काकू पदर खाली घेऊन माझ्याकडं बघायला लागली. "म्हंजी... देवी कोपली न्हाई माझ्यावर?"

"न्हाई काकू. माती खारट हाय, इतकंच."

ती आधी हसली, मग रडली, आणि मग उठून तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी समईवर कोसळता कोसळता वाचलो. "मेल्या, मंग समोर बसून सात दिवस काय करत होतास? मी उपाशी मरून राह्यले ना इथं!"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या घरच्या भांडणाला त्यांनी 'कंट्रोल्ड एक्स्पेरिमेंट' असं इंग्रजी नाव दिलं, ते मला पुढं परीक्षेसाठी पाठ करावं लागलं.

जाताना ओट्यावर अण्णांनी भीत भीत विचारलं, "सायेब, पोराचं काम पटलं का?"

"काम अव्वल दर्जाचं आहे," साहेब म्हणाले. त्यांना मराठी उत्तम येत होती, हे सगळ्यांना तेव्हाच कळलं आणि मधल्या काकूनं जीभ चावली. "वजीफा मी मंजूर करतो. खरं म्हणजे तो आत बसलेल्या तिघींचा आहे. पण कायद्यानं उमेदवार पदवीधर लागतो. आणि या घरात," माझ्याकडं बघून त्यांनी सुस्कारा सोडला, "पदवीधर एवढाच आहे."