झडलेले की उपटलेले

मोराचे पीस ज्यांनी केवळ लांबून पाहिले आहे, ते त्याच्या निळ्या डोळ्याचे कौतुक करतात आणि पुढे जातात. मोरताईने सव्वीस वर्षे त्याचे दुसरे टोक पाहिले. देठ. मोराच्या अंगात रुतलेला, पांढरा, पोकळ, करंगळीच्या पेराएवढा तो भाग. विणीचा हंगाम सरला की मोर आपला पिसारा आपणहून गाळतो, आणि अशा झडलेल्या पिसाचा देठ कोरडा, मिटलेला, स्वच्छ असतो. पक्ष्याच्या अंगातून ओढून काढलेल्या पिसाच्या देठाशी मात्र काळपट तांबडा डाग राहतो. झडलेले पीस वापरायला परवानगी होती. उपटलेले वापरणे हा गुन्हा होता. दोहोंतला फरक पाहून प्रत्येक गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर सही करणे, ही वेशभूषेच्या त्या कारखान्यात मोरताईची नोकरी होती.

तिचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठेही उरले नव्हते. नाटकातले राजे, नर्तकी, मोठ्या घरच्या नवऱ्या, यांच्या अंगावर तिने लावलेली पिसे मिरवून गेली. काही लोक मोरपीस शुभ म्हणून मागत, काही अशुभ म्हणून नाकारत. मोरताई दोघांचेही ऐकून घेई. तिला एवढेच ठाऊक होते की त्या झळाळत्या निळ्यात निळा रंग नावालाही नसतो. पीस खलात घालून कुटले तर हाती तपकिरी भुकटी येते. सगळी किमया पिसाच्या घडणीची आणि त्यावर पडणाऱ्या उजेडाची.

दोन वर्षांपूर्वी त्या उजेडानेच तिची साथ सोडायला सुरुवात केली. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. डॉक्टरांनी नाव सांगितले, उपाय मात्र सांगितला नाही. दृष्टीच्या कडा शाबूत होत्या. दार, भिंत, येणारे माणूस तिला कळे. पण ज्या वस्तूकडे ती नजर लावी नेमकी तीच नाहीशी होई. पीस समोर धरले की त्याभोवतीचे टेबल दिसे आणि पिसाच्या जागी राखाडी डाग.

तिने हे कोणालाही सांगितले नाही. नवरा गेल्यानंतर ती सासूसह दिराच्या घरी राहत होती आणि त्या घरात तिची खोली, तिचा शब्द, तिचा आदर हे सगळे तिच्या नोकरीच्या आधाराने उभे होते. आंधळ्या भावजयीला कोणी घराबाहेर काढत नाही; फक्त तिला विचारणे बंद होते. मोरताईला भीती वाटत होती ती या न विचारले जाण्याची. सकाळी जाग आली की डोळे उघडण्यापूर्वी ती क्षणभर तशीच पडून राही. आज आणखी किती गेले असेल, ते पाहण्याचा धीर होत नसे.

काम मात्र निभावत होते. बोटे तयार होती. झडलेला देठ टोकाशी गोलसर लागतो, उपटलेला खरखरीत. शिवाय पिसे टाचायला रोज सकाळी मालकांच्या खोलीतून तिच्या टेबलावर वीस सुया ओवून येऊ लागल्या होत्या. इतकी वर्षे झाली, आपला मान ठेवतात, असे तिला वाटले. तिच्या सहीनंतर आणखी एक माणूस गठ्ठे उलटून पाहत असे. ती दुसरी तपासणीही मालकांनी बंद केली. "मोरताईने पाहिलं म्हणजे देवाने पाहिलं," असे ते चारचौघांत म्हणाले, तेव्हा तिचा ऊर भरून आला होता.

अशातच त्या झग्याचे काम आले. एका प्रदर्शनासाठी पायघोळ झगा, मागे चार हात लोळणारा पिसारा, अकराशे पिसे. आणि गठ्ठा आला तो ऐन वसंतात, जेव्हा मोर नाचण्यासाठी पिसारा जपून असतात आणि एकही पीस गाळत नाहीत.

"मालक, ही या दिवसांत कुठून आली?" तिने विचारले.

"मागच्या वर्षीची आहेत. गोदामात पडून होती."

मोरताईने पीस हातात घेतले. वर्षभर पडून राहिलेले पीस हलके होते, किंचित चुरचुरते. हे लवचिक होते, जड होते. देठ कशाने तरी धुऊन, घासून गुळगुळीत केले होते. खरखर कुठे लागत नव्हती, पण बोटांना कळायचे ते कळले. नकार द्यायचा तर मालक म्हणणार, डाग दाखव. आणि डाग तिला दिसणार नव्हता. तिने चिठ्ठीवर सही केली.

देठ कापण्याचे काम तिच्या धाकट्या जावेकडे, त्याच दिराच्या बायकोकडे होते. पीस शिवण्यापूर्वी देठ तिरका छाटावा लागे. छाटलेले तुकडे गोणीत जात आणि मासेमारीच्या गळांची तरंगणी बनवणारा एकजण ती गोणी घेऊन जाई. जाऊ तोंडाची तिखट होती, हाताची त्याहून. सोमवारी दुपारी ती कात्री खाली न ठेवताच मोरताईच्या टेबलाशी आली.

"वहिनी, यातला एक देठ मी उभा चिरला. आत बघा."

मोरताईने तुकडा घेतला, उजेडाकडे धरला, नेहमीप्रमाणे मान हलवली. "ठीक आहे की."

"ठीक?" जावेचा आवाज खाली आला. "अहो, आत रक्त सुकून बसलंय. जांभळं झालंय."

मोरताईने तुकडा टेबलावर ठेवला.

"वहिनी, माझ्याकडे बघा. ही किती बोटं?"

"चावटपणा पुरे."

"किती?"

तिला जावेचा खांदा दिसला, कोपर दिसले, खिडकीची चौकट दिसली. हाताच्या जागी राख होती. "तीन," ती म्हणाली.

"मी हात वर केलेलाच नाही." जाऊ मटकन शेजारच्या स्टुलावर बसली. "अगं बाई गं! आणि परवा माझ्या पोलक्याचा रंग छान आहे म्हणालात!"

"छानच असेल."

"विटका आहे हो. जुनं आहे." तिला हसू फुटले आणि लगेच डोळ्यांत पाणी आले. "केव्हापासून हे?"

मोरताईने तिचे मनगट घट्ट धरले. "घरी बोलशील?"

"घरचं सोडा. गठ्ठ्यावर सही कोणाची आहे? उद्या कोणी विचारलं तर मालक कानावर हात ठेवतील. धरतील तुम्हाला."

ते तिलाही समजत होते. दिसले म्हणावे तर गुन्हा तिचा. दिसले नाही म्हणावे तर दोन वर्षांच्या सगळ्या सह्या खोट्या, आणि नोकरी गेली. त्या दिवसापासून जिन्यावर कोणाची पावले वाजली की ती हातातले पीस खाली ठेवून कान देई.

बुधवारी मालकांनी तिला खोलीत बोलावले. वन्यजीव खात्याच्या निरीक्षक बाई दुसऱ्या दिवशी अकरा वाजता येणार होत्या.

"घाबरण्यासारखं काही नाही," मालक म्हणाले. ते नेहमीच शांत बोलत. ज्यांच्या वतीने दुसरे घाबरतात, त्यांना शांत बोलणे परवडते. "देठ सगळे आज कापून होतील, गोणी संध्याकाळी जाईल. त्यांनी विचारलं तर सांगायचं, प्रत्येक पीस मी डोळ्यांनी तपासलं. तेवढं या कागदावरही लिहून ठेवलंय. सही करून टाका. पुढच्या महिन्यात असे आणखी दोन गठ्ठे आहेत, त्यांच्याही वेळेला उपयोगी पडेल."

कागद पुढे सरकला. मग मालकांनी अगदी सहज तिचे बोट धरले आणि सहीच्या रिकाम्या ओळीवर नेऊन टेकवले. "इथे."

मोरताईने बोट मागे घेतले. ज्याला दिसते त्याला जागा दाखवतात. त्याचे बोट धरून नेत नाहीत. ओवलेल्या सुया, बंद केलेली दुसरी तपासणी, चारचौघांतली ती स्तुती, सगळे एकदम तिच्यासमोर येऊन उभे राहिले. या माणसाला दोन वर्षे ठाऊक होते. तिला दिसत नव्हते तरीही नव्हे, तर दिसत नव्हते म्हणूनच तिला त्या टेबलावर ठेवले होते.

"चष्मा टेबलावर राहिला," ती कशीबशी म्हणाली. "उद्या करते." खोलीतून बाहेर पडताना तिचा खांदा दारावर आपटला. मागून मालक म्हणाले, "सांभाळून हं." त्या दोन शब्दांनी तिला जेवढे घाबरवले, तेवढे दटावणीनेही घाबरवले नसते.

जाऊ बाहेर वाट पाहत होती. तिने मूठभर देठ रुमालात बांधून कमरेला खोवले होते. "गोणी जाण्याआधी काढून घेतले. सांगणार असाल तर हे देते. गप्प बसणार असाल तर फेकून देते, माझंही नाव मग कुठे नको. वहिनी, मला पण लेकरं आहेत हो."

"सांगितलं तर काय होईल?"

"मला काय विचारता? मी काय वकील आहे?"

निरीक्षक बाई अकराला दहा कमी असतानाच आल्या. आवाजावरून तरुण वाटत होत्या, बोलणे मोजके. त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या, झगा उलटून पाहिला, भिंगातून छाटलेली टोके न्याहाळली. छाटलेल्या टोकांत काही सापडणार नव्हतेच. मालक चहाचा आग्रह करत होते.

"तपासणाऱ्या बाई कोण?"

मोरताई पुढे झाली.

"आता तपासणाऱ्यांचीही चाचणी घ्यायची असते." बाईंनी पिशवीतून दोन पिसे काढून टेबलावर ठेवली. "यातलं झडलेलं कोणतं, उपटलेलं कोणतं?"

कारखान्यातली यंत्रे त्या क्षणी चालू होती की बंद, हे मोरताईला नंतर कधीच आठवले नाही. तिने पिसे उचलली. एक हलके, देठाशी गोल. दुसऱ्याच्या देठाला बारीकशी खर. सव्वीस वर्षांची बोटे चुकली नाहीत.

"हे उपटलेलं."

"बरोबर."

मालक मोकळेपणाने हसले. "सांगत नव्हतो? मोरताईची नजर आहे ती!"

ती सुटली होती. बाई भिंग पिशवीत ठेवत होत्या. दिराच्या घरातली खोली, महिन्याचा पगार, मान, सगळे जागच्या जागी राहिले होते. आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या पाचावर धारण बसली. पुढच्या महिन्यात दोन गठ्ठे. मग आणखी. प्रत्येकावर तिची सही, प्रत्येकाच्या आत सुकलेले जांभळे रक्त, आणि जिन्यावरचे प्रत्येक पाऊल. जन्मभर. समोर दोन प्रकारचे भय होते. एकाला शेवट होता, दुसऱ्याला नव्हता. तिने शेवट असलेले निवडले. याला धाडस म्हणावे, असे तिला स्वतःला कधी वाटले नाही.

"बाई, मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "बोटांनी ओळखलं. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

मालकांचे हसू थांबले. "घाबरलीय ती. काहीही बोलते."

"घाबरलेय," मोरताई म्हणाली. "या झग्याचा गठ्ठा उपटलेला आहे. सही केली त्या दिवशीच मला हाताला कळलं होतं. तरी केली." मग ती जिथे जाऊ असावी असे वाटले तिकडे वळली. "दे गं."

जाऊ येणार नाही, असे तिला वाटू लागले. मग रुमालाची गाठ सुटल्याचा आवाज आला आणि देठ टेबलावर सांडले.

"आणि मालकांना विचारा," जाऊ एका दमात म्हणाली, "रोज सकाळी वीस सुया ओवून कोणासाठी पाठवत होते ते. आम्हाला नाही कधी पाठवल्या!"

पुढचा दीड तास लिहिण्यात गेला. निरीक्षक बाईंनी तिला धीर दिला नाही, आणि खोटा धीर मिळाला नाही याचे तिला बरे वाटले. "तुमच्यावरही कारवाई होऊ शकते," त्या म्हणाल्या. "जाणूनबुजून सही केलीत, हे तुम्हीच सांगितलंय. पंधरा दिवसांनी सुनावणीला यावं लागेल. मालक वकील आणतील. तुम्हीही बघा कोणीतरी."

"माझं काम?"

"तपासणीचं काम तुम्हाला आता करता येणार नाही."

जबाब निरीक्षक बाईंनी मोरताईला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी 'नजरचुकीने' असा शब्द आला. तिने तो बदलायला लावला. मालक खोलीतून बाहेर आले नाहीत; टेलिफोनवर कोणाशी तरी शांतपणे बोलत असलेले ऐकू येत होते. त्यांचे काय व्हायचे ते होईल किंवा होणारही नाही. अशा माणसांच्या सुनावण्या लांबतात आणि मोरताईसारख्यांच्या लवकर लागतात, हे त्या कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होते.

जाऊ तिच्याबरोबर बाहेर पडली.

"घरी काय सांगायचं?" जावेने विचारले.

"जे झालं ते."

"आमच्या ह्यांच्यापेक्षा सासूबाईच जास्त बोलतील. माझंही काम गेलं धरा."

"गेलंच."

दारापाशी मोरताई थांबली. बाहेर ऊन होते. उजेडात सगळ्या कडा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. दोन वर्षे ती इथून कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पाय चाचपडत उतरत आली होती. पायऱ्या तिला पाठ होत्या; तरी आज तिने हात पुढे केला.

"पायऱ्या किती आहेत गं?"

"चार. तिसरी फुटकी आहे."

"मग आली की सांग," मोरताई म्हणाली आणि जावेचा दंड धरून तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले.