पाचवा पदर

नातीच्या गोधडीसाठी बायकोला नवं शिलाई मशीन हवं होतं. जुन्याची सुई जाड थरांत मोडायची. दुकानात तिने घरून आणलेला, जुन्या साड्यांचा चार पदरी तुकडा सुईखाली ठेवला. “सरक, मशीनमधलं मला कळतं,” म्हणत मी पेडल दाबलं आणि माझ्या शर्टाची बाही त्या साड्यांना शिवून टाकली.

“काका, हात ओढू नका,” म्हणत दुकानदार कात्री आणायला गेला. अडकलेल्या हाताखाली आईची जांभळी साडी होती. घरातली माणसं गोधडीत अशीच एकमेकांना धरून राहतात, पण कपडे जुने झाल्यावर. मी अंगातल्या शर्टासकट घाई केली होती.

कात्री आली, तर बायकोने दुकानदारालाच थांबवलं. “आधी टाका बघू द्या. अहो, हलू नका ना!” चष्मा लावून तिने माझी बाही उलटसुलट ओढून पाहिली.

“पाच पदर, आणि सुई शाबूत. हेच मशीन द्या.”