हात जाणारी कड

कपात चहा आला की कडावाले भाऊ आधी कपाच्या काठावरून अंगठा फिरवायचे आणि मगच घोट घ्यायचे. टेबल असो, दाराची चौकट असो, कुणाचा नवाकोरा मोबाईल असो, अंगठा फिरल्याशिवाय त्यांची त्या वस्तूशी ओळखच व्हायची नाही. विमानतळाशेजारच्या मिहानमधल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं.

आयुष्यभर कारखान्यात पेन्सिलीनं ड्रॉइंग काढून पन्नाशीनंतर ते कॉम्प्युटरवर काम शिकले होते. आम्हा पोरांची ड्रॉइंग तपासणं हे त्यांचं काम. ते ती घटकाभर न्याहाळायचे, खुर्चीत मागे रेलायचे आणि चक्क डोळे मिटायचे. खिडकीबाहेर उन्हात विमानं उतरत राहायची आणि इथे भाऊंचा अंगठा हवेतच, कुणाला न दिसणाऱ्या पत्र्यावरून, सावकाश सरकत असायचा. मी नवीन होते, जिभेला हाड नव्हतं. "म्हातारबाबा झोपले वाटतं," असं बोलून गेले. डोळे न उघडताच ते म्हणाले, "झोपलो नाही वं. आतून पाहून राहिलो." थोड्या वेळानं परतले ते माझ्या तीन चुका घेऊन. त्या दिवसापासून मी त्यांना भाऊ म्हणायला लागले.

पत्रा कापला की त्याच्या कडेला धार उरते. ती चालेल की नाही हे ड्रॉइंगवर एका लहानशा खुणेनं सांगतात. खुणेत अधिकचं चिन्ह असलं तर थोडी धार राहिली तरी चालते, उण्याचं असलं तर ती घासून काढावीच लागते. भाऊंचं एवढ्यानं समाधान व्हायचं नाही. माणसाचा हात कोणत्या कडेवर जाणार, हे त्या खुणेत कुठे होतं? म्हणून त्यांनी आपली स्वतःची खूण बनवली: उण्याच्या चिन्हाशेजारी एवढासा अंगठा. त्याच्या नखाची गोलाई जमवण्यात त्यांच्या कितीतरी दुपारी गेल्या. आम्ही त्यांना अंगठेबहाद्दर म्हणून चिडवून बेजार केलं. ते हसायचे आणि म्हणायचे, "कागदावरची कड कापत नाही ना, म्हणून तुमाले भेव वाटत नाही."

मग ग्राहक कंपनीचा निरोप आला की घरगुती खुणा चालणार नाहीत, सगळीकडे प्रमाण खूणच हवी. बदलाचं काम माझ्याकडे आलं. मी शहाणी! एकेक ड्रॉइंग कशाला उघडत बसायचं, म्हणून खुणांच्या संग्रहातच भाऊंच्या अख्ख्या खुणेच्या जागी प्रमाण खूण टाकली. सगळ्या ड्रॉइंगमधले अंगठे एका फटक्यात गेले. खुणेचा आकार बरोबर आहे एवढंच मी पाहिलं. तिच्यात आधीपासून अधिकचं चिन्ह भरलेलं होतं, ते पाहिलंच नाही. भाऊंकडे तपासायला पाठवलं. त्यांनी त्या दिवशी डोळे मिटले नाहीत, भराभर सह्या केल्या आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

महिन्याभरानं, ती ड्रॉइंग जिथे जायची त्या वर्कशॉपमधल्या एका फिटरचा तळहात फाटला. पत्र्याच्या पेटीत नट बसवायला त्यानं हात घातला होता आणि आतल्या कडेची धार तशीच होती, कारण आमचं ड्रॉइंग धार चालेल म्हणत होतं. साहेबांनी बैठक बोलावली आणि हे कुणी केलं असं विचारलं. माझी नोकरी त्याच आठवड्यात कायम होणार होती. मी खाली बघून वहीत बैठकीची तारीख लिहीत राहिले. भाऊ म्हणाले, "तपासलं म्हणून सही माझी आहे. चूक माझी." त्यांचा वर्षाचा करार होता, तो पुढे वाढवला नाही. माझी नोकरी मात्र ठरल्याप्रमाणे कायम झाली. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आजवर कधीच वाटली नव्हती.

आठ दिवस कसेबसे काढून मी नंदनवनला त्यांच्या घरी गेले. उंबऱ्यातच रडायला लागले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. चूक माझी होती हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "पण मीही पाहिलं नाही ना," ते म्हणाले. "अंगठे काढलेले पाहवले नाही मले." मी म्हटलं, आत्ता जाऊन साहेबांना सांगते. त्यांनी मान हलवली. "माझ्यासाठी काहून सांगतं? पहिले त्या फिटरले भेट."

खरं सांगते, त्या माणसाचा विचार तोवर माझ्या मनाला शिवलाही नव्हता. जरीपटक्याला त्याचं घर शोधून काढलं. त्यानं पट्टी सोडलेला हात पुढे केला आणि मूठ वळून दाखवली. दोन बोटं वळत नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात परत मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ तं दर दोन दिवसाले येते. ते म्हणे, चूक त्यायची आहे." त्यानं मला माफ केलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

सोमवारी मी साहेबांसमोर उभी राहून सगळं कबूल केलं. माझी कायम झालेली नोकरी सहा महिन्यांसाठी पुन्हा तात्पुरती केली, ते बरंच झालं. साहेबांनी भाऊंना मानानं परत बोलावलं, पण ते आले नाहीत. मी फोन करून कारण विचारलं, चिडूनच विचारलं.

"आता तू आहे ना वं तिथं," ते म्हणाले.