ट्यूबलाइटखालची खुर्ची

सॅमसन गेल्याची बातमी मला ऐकू आली नाही, दिसली. दुपारी जेवायला बसलो होतो. फोन वाजला, बायकोने उचलला आणि भिंतीकडे तोंड केलं. वळली तेव्हा तिचे ओठ नुसते हलले... ‘सॅमसन गेले.’ आवाज फुटतच नव्हता तिचा, पण मला तो लागतही नाही. मुंबईच्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, ज्यांनी उमर काढली, त्यांना विचारा. साचेखात्यात शेजाऱ्याला हाक मारायची तर जगातले सगळे शोफार, आमच्या सणाला फुंकतात ती शिंगं, एकदम फुंकले तरी कमीच. म्हणून आम्ही आवाज न काढता, ओठ मोठे हलवून मराठीत बोलायचो आणि समोरच्याने ते वाचायचं. सॅमसन माझ्या समोरच्या साच्यावर होता. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आमच्या मधे उभा असताना सॅमसनने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि मी हसतोय म्हणून जॉबरही आपला हसला. यात तिखटमीठ नाही. पुढे आहे, पण यात नाही.

आम्ही कोकणातले ज्यू इस्राएलला आलो तेव्हा सरकारने आम्हाला नेतिवोत नावाच्या गावाच्याही पलीकडे, वाळवंटातल्या एका नव्या गावात उतरवलं आणि परत कापडाच्या कारखान्यातच घातलं. तिथले साचे असे गरजायचे की इजिप्तने आमच्या सरकारकडे तक्रार केली होती, त्यांच्या उंटिणी आटल्या म्हणून. मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही खरं वाटतं. खरं एवढंच, की माझा उजवा कान थोडा वाचला आणि सॅमसनचे दोन्ही गेले. ठार. आणि हे ठाऊक होतं दोघांनाच, त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या रिवकावहिनीला, आणि मला. कारखान्यात कळलं असतं तर गेटाबाहेर झाडू मारायलाही ठेवला नसता, अशी त्याची खात्री. तपासणीला नर्स कानाला यंत्र लावायची आणि आवाज आला की हात वर करा म्हणायची. हा तिच्या बटणावरच्या बोटाकडे बघून हात वर करायचा. नर्स म्हणाली, आजोबा, तुमचे कान पोरांसारखे आहेत.

मग त्याने एक युक्ती काढली. सतत बोलत राहायचं. आपण थांबलो की समोरचा बोलणार, आणि इथला समोरचा हिब्रूत बोलणार. मराठी ओठ त्याला अंधुक उजेडातही वाचता यायचे. हिब्रू मात्र घशातल्या घशात राहते, ओठांवर येतच नाही, असं तो म्हणायचा. म्हणून गावात याची मतं प्रसिद्ध. कामाबद्दल मत, की बसून करतात ते काम नव्हे, ती वाट बघणं. राजकारणाबद्दल मत, की आधीच्या सरकारने आपल्याला पत्र्याची खोली दिली आणि नव्या सरकारने त्या खोलीबद्दल हळहळ. हवेबद्दल तर काय, वाळवंटातून गरम वारा सुटला की म्हणायचा, ‘आपल्या अलिबागचा उन्हाळा माणसाला घाम तरी देतो रे, हा मेला सगळंच घेऊन जातो.’ छपरावरच्या सूर्याच्या बंबाचं कौतुक, ‘या देशाने सूर्यालासुद्धा पाळीवर लावलाय.’ घरात कोणी आलं की त्याला ट्यूबलाइटखालच्या खुर्चीत बसवायचं आणि आपण समोर बसायचं. लोक म्हणायचे, सॅमसनकडे गेलं की पोलीस चौकीत गेल्यासारखं वाटतं.

टेलिफोनचा अर्ज करून इतकी वर्षं झाली होती की आमच्यात पैज लागली, आधी फोन येतो की आम्ही हजारो वर्षं वाट बघतोय तो मशीहा. फोन आला. सॅमसनचं मत तयारच होतं, ‘माणसाचं तोंड दिसत नाही ते बोलणं कसलं?’ पण शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायच्या आधी हा फोनवर पंजा ठेवून बसायचा. मुलगा बेनी हैफाला नोकरीला, तो त्या वेळी नाक्यावरच्या फोनमध्ये मध्ये भोक असलेली टोकनं टाकायचा. घंटी पंजाला कळायची. ‘आला बघ तुझ्या लेकाचा,’ म्हणून वहिनीला हाक. तिचं झालं की रिसीव्हर घ्यायचा, वारा, सरकार, बंब, सगळं एका दमात सांगायचा आणि ठेवून द्यायचा. बेनी मला म्हणायचा, ‘काका, अबा मला बातम्या देतो आणि स्टेशन बंद करतो.’ हे हिब्रूत, अबा म्हणजे बाप. त्याला मराठी कळते सगळी, पण उत्तर हिब्रूत.

एका शुक्रवारी बेनी आईशी बोललाच नाही, आधी अबाला दे म्हणाला. नेतिवोतची एक मोरोक्कन घरातली मुलगी, तिच्याशी लग्न करायचं होतं, आणि अबाचा होकार पहिला हवा होता. त्याने विचारलं. इकडून सॅमसन म्हणाला, यंदा वारा फार लवकर सुटलाय, बंबाची काच तडकली... आणि फोन ठेवला.

पोराने काय विचारलं होतं ते वहिनीला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. ती सॅमसनवर संतापली, पोराला खरं सांगते म्हणाली. त्याने तिला शपथ घातली. मी म्हटलं, ‘अरे, कारखान्याला नको, पोराला तरी सांग.’

‘पोराला सांगितलं की तो डॉक्टरकडे नेणार. डॉक्टर कागद लिहिणार. कागदाला पाय असतात, रूबेन.’

‘मग त्याने काय समजायचं?’

‘समोर बसून माझ्याशी मराठीत बोलला तर मला सगळं कळेल. पोरगा मुका नाही.’

सॅमसन लग्नाला गेला. पहिल्या रांगेत बसला. मुलीचा बाप हात हातात घेऊन कितीतरी वेळ बोलला, आणि सॅमसनने त्याला बंबाची काच सांगितली. बेनी बघत होता. त्यानंतर शुक्रवारचा फोन येत राहिला, पण फक्त आईसाठी. सॅमसन पंजा ठेवून बसायचा, हाक मारायचा आणि बाजूला व्हायचा. वर्षं गेली अशी... त्याची मतं चालूच होती, फक्त खुर्चीत दुसरी माणसं.

पेन्शन जवळ आली होती. कारखान्याच्या आवारात ट्रक मागे येत होता आणि सॅमसन त्याच्याकडे पाठ करून चालला होता. ड्रायव्हर आमच्या दारात येऊन रडला. हॉर्न वाजवला, परत परत वाजवला, सगळ्या गावाने ऐकला, म्हणाला. खरंच होतं. मीसुद्धा ऐकला होता, एका कानाने.

आमच्या सुतकातलं सात दिवस जमिनीवर बसणं चाललं होतं, तेव्हा बेनीने मला गच्चीवर नेलं. ‘काका, अबाला हॉर्न कसा ऐकू आला नाही?’ आयुष्यभर मी थापा मारल्या, लोकांनी मानल्या. त्या दिवशी खरं सांगताना माझीच जीभ अडखळली. साचेखातं सांगितलं, नर्सचं बोट सांगितलं, फोनवरचा पंजा सांगितला. तो म्हणाला, ‘थापा मारू नका, काका.’ मग बंबाकडे बघत बसला. काच अजून तडकलेलीच होती.

महिन्याच्या विधीला परत आला. लोक गेले, संध्याकाळ झाली. कोणी न सांगता तो ट्यूबलाइटखालच्या खुर्चीत जाऊन बसला, बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. वहिनीने महिनाभर ती ट्यूब लावली नव्हती. काळोखात मला एवढंच दिसलं, की त्याचं तोंड हलतंय. आवाज नव्हता. मी चष्मा पुसला, पुढे वाकलो, तरी वाचता येईना.

वहिनी उठली. ‘अंधारात त्यांना कसं कळायचं रे?’ म्हणाली आणि बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. बेनीने तोंड वर केलं आणि पहिल्यापासून परत सांगायला लागला, हळूहळू, ओठ मोठे हलवून, मराठीत.