वाटाण्यांचा अमोनिया

भिजवलेल्या वाटाण्यांचा वास आला की लालबागची आमची दहा बाय दहाची खोली आठवते. बाबा हिंदमाताला दुकानात साड्यांच्या घड्या घालायचे, आई डबे करायची. त्यात मला रेणूंच्या मॉडेलचा किट कोण आणणार? कॉलेजात माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे तो होता, रंगीत गोळ्यांचा, आणि तिने पेटी उघडली की माझा नुसता जळफळाट व्हायचा. "घे ना, वापर," ती म्हणायची. मी कशाला घेतेय? मी आईचे वाटाणे खराट्याच्या काड्यांना टोचून रेणू करायचे. सर प्रदर्शनासाठी एकच मॉडेल निवडणार होते. तिने अमोनिया केला तो सपाट, त्रिकोणी. "बरोबर आहे ना गं?" तिने हळूच विचारलं. मला चूक दिसत होती, तरी मी "हो" म्हटलं. सर हसले. "अगं, नायट्रोजनच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनची आणखी एक जोडी असते, ती विसरलीस. ती तिन्ही हायड्रोजनना खाली ढकलते, तिपाईच्या पायांसारखं." माझी वाटाण्यांची तिपाई निवडली गेली, तेव्हा पहिली टाळी तिनेच वाजवली. मी जाणूनबुजून खोटं बोलले होते, हे तिला आजवर सांगितलेलं नाही. पुढे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, तीही रसायनशास्त्रातच.