नाचऱ्या खिळ्यांचं कार्ड

भिंगारच्या बाजारात ज्या छापखान्यात मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो, तिथं खणाखणांच्या एका लाकडी केसमध्ये नाचरा टाईप होता. पाटीवर पोराने हौसेने गिरवावं तशी अक्षरं. वेलांटीला शेपूट, ‘क’चं पोट पुढं, वरची रेघ कुठं सरळ म्हणून नाही. बारसं, हळदीकुंकू, पेढ्यांच्या दुकानाची जाहिरात, एवढ्यापुरतीच ही केस उघडायची. नात्यातल्या बारशांच्या पत्रिका मी यातच जुळवून धाडायचो. दहाव्या-तेराव्याला मात्र सरळ, जाड खिळे.

लढाईचे दिवस होते. छावणीच्या मोठ्या कामात सगळे सरळ खिळे अडकून पडले होते, आणि त्याच आठवड्यात बायको बाळंतपणात गेली. मुलगी जगली. मालक म्हणाले, “दोन दिवस थांब, खिळे मोकळे होतील.” दहावा काय थांबणार होता? मी नाचरी केस ओढली आणि बायकोच्या दहाव्याचं कार्ड जुळवलं. परक्या कुणाचं जुळवावं तसं. एकही खिळा उलटा लागला नाही.

घरी आई पोरीला सांभाळत होती. पोरीकडे मी बघितलं नव्हतं. जेवायचो, निजायचो, कामावर जायचो. आत काही हलत नव्हतं.

दहाव्याच्या आधीच बायकोची मावशी दारात उभी राहिली. कोपरगावाकडच्या खेड्यातून, रेल्वेने, नवं लुगडं नेसून. तिला वाचता येत नव्हतं, पण आमच्या बारशाची अक्षरं ती ओळखायची. कार्डावर हळदकुंकू नव्हतं, ते पोस्टात पुसलं असेल असं तिने धरलं. हातात झबलं-टोपडं होतं.

“निजलीय व्हय? निजू द्या, बाळंतीन हाय,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

आईने पदर तोंडाला लावला. सांगायचं मलाच होतं. “मावशी, ते बारशाचं नव्हतं. ती गेली. दहाव्याचं कार्ड आहे ते.”

मावशी उंबऱ्यातच बसली. कार्ड तिने कंबरेला खोचून आणलं होतं. ते काढून ती बघत राहिली. मग म्हणाली, “आन् मग अक्षरं अशी हसरी का काडली, जावईबापू?”

खिळे अडकले होते, हे तोंडाशी आलं होतं. पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

बराच वेळ रडून ती उठली. पोर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. “सुतकात नवं कापड...” आई पुटपुटली. मावशीने ऐकलंच नाही. झबलं घातलं, टोपडं घातलं. ते मोठं झालं, डोळ्यांवर उतरायला लागलं.

“बंद तुमीच बांधा. तुमची बोटं बारीक कामाची हायती,” ती म्हणाली.

मी हनुवटीखाली गाठ मारली. शाईच्या बोटाशी पोरीने तोंड नेलं. तोंड तिच्या आईचंच होतं. रडू तेव्हाही आलं नाही, पण गाठ मारून झाली तरी हात काढवेना.